मला नाही, त्याला दे

माझ्या जर्मनच्या क्लासात वाक्यं सुटी मिळत नाहीत. तरी दर महिन्याला कोणी ना कोणी जिना चढून येतंच. एकाला विमानतळावर बोलायला चार वाक्यं हवी असतात, एकीला होणाऱ्या सासूवर छाप पाडायला दोन. मी सगळ्यांना एकच सांगते, बसायचं तर पहिल्या धड्यापासून, नाहीतर हा जिना खालीही जातो. माझ्या तोंडाला लागू नये, असं माझ्या सख्ख्या बहिणीचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

हँडलरकाका आले त्या संध्याकाळी आज्ञार्थाचा धडा चालू होता. हा धडा तसा कोणाला जड जात नाही. हुकूम सोडायला कोणाला आवडत नाही? परदेशी नोकरीला निघालेल्या माझ्या नर्सबाया तर ह्या धड्याला खुलतात, कारण एरवी दिवसभर त्या दुसऱ्यांचेच हुकूम झेलत असतात. पंचाईत होते ती सर्वनामांची. 'पुस्तक मला दे' इथवर सगळं सुरळीत चालतं. पुस्तकाचं 'ते' केलं की गाडी अडते. आपल्याकडे 'मला ते दे' म्हणा, 'ते मला दे' म्हणा, नाहीतर 'दे की ते मला' म्हणा, ज्याला द्यायचं असतं तो देतो. जर्मनला असला सैलपणा खपत नाही. आधी क्रियापद, मग वस्तू, आणि माणूस शेवटी. 'गिब एस मिअर.' दे, ते, मला. हे तीन शब्द मी फळ्यावर लिहीत होते तेवढ्यात दारात कोणीतरी खाकरलं.

पन्नाशी ओलांडलेला उंच माणूस, अंगात निळा गणवेश, बुटांना वाळलेला चिखल, आणि उकडत असूनही गळ्याला मफलर. बाही कोपरापासून मनगटापर्यंत दातांनी ओरबाडलेली होती. आवाज म्हणजे कोणी कागद चुरगळत बोलावं तसा.

"'मला दे' येतं मला, बाई," ते म्हणाले. "'त्याला दे' कसं म्हणायचं, तेवढं सांगा."

मी माझं ठरलेलं उत्तर दिलं. आता वाद घालतील म्हणून मी पदर खोचूनच उभी होते, पण ते काही न बोलता शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि क्लास सुटेपर्यंत जागचे हलले नाहीत. सगळे गेल्यावर मी विचारलं, एवढं कोणाला सांगायचंय? ते म्हणाले, कुत्रीला. मला वाटलं माझी टर उडवतायत. पण चेहरा चेष्टा करणाऱ्याचा नव्हता, म्हणून मी खुर्ची ओढून समोर बसले.

मग थांबत थांबत, मधेच पाण्याचा घोट घेत त्यांनी जे सांगितलं ते असं. शहराच्या टोकाला मालाच्या पेट्यांचं, म्हणजे कंटेनरांचं, मोठं यार्ड आहे, तिथे ते राखणीच्या कुत्र्यांचे हँडलर, त्यांना शिकवून पहाऱ्याला फिरवणारे. घशात गाठ निघाली होती. महिन्याभरात ऑपरेशन, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. नोकरी तर जाणारच होती. पण यार्डात त्यांच्या हाताखाली एक कुत्री होती, आणि ती त्यांच्याशिवाय कोणाचं ऐकत नव्हती. ऑपरेशनआधी साहेब तिची परीक्षा घेणार होते. नव्या हँडलरचं तिने ऐकलं तर राहील. नाही ऐकलं तर असलं चावरं जनावर सांभाळायचं कोणी? जनावरांचे डॉक्टर येऊन तिला कायमची झोपवायची सुई देणार.

घरी का नेत नाही, मी विचारलं. त्यांनी मान हलवली. हे काही घरातलं कुत्रं नव्हे. ती शब्दावर झेप घेते आणि शब्दावर सोडते. ज्याच्या तोंडून शब्दच निघणार नाही त्याच्या घरात, दोन खोल्यांत, खाली खेळणाऱ्या पोरांमध्ये तिला ठेवायची कशी? कंपनी देणारही नव्हती, आणि खुद्द काकांनाही ते पटत नव्हतं.

"'गिब एस ईम'," मी सांगितलं. "मिअर म्हणजे मला, ईम म्हणजे त्याला. बाकी सगळं तेच."

"एवढंच?" ते म्हणाले. त्यांना ते फार थोडं वाटलं असावं.

यार्डातल्या पहारेकऱ्यांनी त्या कुत्रीचं नाव मोठ्याबाई ठेवलं होतं. ती फेरीला निघाली की डुलक्या काढणारे आपोआप ताठ उभे राहायचे, म्हणून. मला काका 'बाई' म्हणत आणि तिला 'मोठ्याबाई', तेव्हा त्यांच्या दरबारात माझी जागा कुठे होती ते मी ओळखून होते.

काकांचे वडील त्याच यार्डात ओझी उचलायचे. काका लागले ते पहारेकरी म्हणून. पुढे कंपनीने राखणीला कुत्रे आणायचं ठरवलं तेव्हा कोणी पुढे येईना. पहिला कुत्रा पट्ट्यासकट अंगावर आला आणि सगळे पेट्यांवर चढले. काका मात्र होते तिथेच उभे राहिले. धाडस वगैरे काही नव्हतं, ते मला म्हणाले, पायच उचलेनात. पण नोकरी त्यांना चिकटली. कुत्र्यांबरोबर आलेला शिकवणारा त्यांना दहाबारा जर्मन शब्द देऊन निघून गेला. बस, आडवा हो, सोड, असले सुटे शब्द. जर्मन अशासाठी, की चोराने आपल्या भाषेत 'बस' म्हटलं तर कुत्र्याने इमानदारीत बसू नये.

दुसरा कोणी त्या दहाबारा शब्दांवर पेन्शनपर्यंत गेला असता. काकांना रद्दीच्या दुकानात जर्मन शिकवणारी एक जुनी कॅसेट मिळाली. तीत एक बाई सावकाश, पुरी वाक्यं बोलायची. ते मला आणून दे. तो मला दाखव. कृपया खाली बस. काकांना वाटलं, खरं बोलायचं ते असं, आपल्याला शिकवलं ते अर्धवट. त्यांनी कुत्र्यांना पुरी वाक्यं शिकवली, 'कृपया'सकट. बाकीचे हसायचे. अंधारात पेट्यांच्या गल्लीबोळांतून फिरताना काका हळू आवाजात कुत्र्याला म्हणायचे, जरा माझ्याजवळ ये, मला सांग बघू तिकडे कोण आहे. दोन कुत्रे त्यांच्या हातात म्हातारे होऊन गेले. तिसरी मोठ्याबाई. आजवर कुत्रा बदलला होता, हँडलर कधी बदलला नव्हता, त्यामुळे 'त्याला दे' म्हणायची वेळच आली नव्हती.

घरी मात्र ह्याच माणसाच्या तोंडाला कुलूप. 'पाणी', 'दार', 'आवाज कमी', एवढ्यावर त्यांचा संसार झाला. त्यांची बायको, म्हणजे वहिनी, मला पुढे म्हणाल्या की घरात आम्हांला सुटे शब्द आणि तिकडे कुत्रीला अख्खी वाक्यं, ह्यांचं सगळंच उलटं. त्या हसून म्हणाल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

नवा हँडलर म्हणून कंपनीने जो नेमला तो पाहून मी कपाळाला हात लावला. त्याला सगळे पैलवान म्हणत. दारातून तिरका होऊन आत आला आणि त्याने तोंड उघडलं तर आवाज सुईसारखा बारीक. पोराबाळांचा बाप, पण कुत्र्यांना घाबरायचा, आणि तसं कबूलही करायचा. हाताला दुसरा माणूसच नव्हता म्हणून त्याला धरला होता. काकांनी त्याला माझ्या क्लासात आणून शेवटच्या बाकावर आपल्या शेजारी बसवलं. काकांनी आता कमीत कमी बोलावं असं डॉक्टरांचं सांगणं होतं, म्हणून पैलवानाचे उच्चार घासायचं काम माझ्याकडे आलं. बिचारा सभ्य माणूस. पहिला आठवडाभर तो मोठ्याबाईंना अहोजाहो करत होता. 'आपण ते मला आणून द्यावं' असं जर्मनमध्ये म्हणायचा आणि वर नमस्कार केल्यासारखे हात जोडायचा. नर्सबाया हसून लोळायच्या. मीही हसले, कशाला खोटं बोलू?

एका रविवारी सकाळी मी यार्डात गेले. पैलवान म्हणाला होता, वाक्य बरोबर म्हणतो तरी ती ऐकत नाही, तुम्ही येऊन बघा चूक कोणाची ते. मैदानाच्या कडेला काका उभे होते. मोठ्याबाई काळ्या तोंडाच्या, रुंद छातीच्या, एका कानाची कड फाटलेली. माझ्याकडे तिने एकदाच पाहिलं आणि मी आपोआप ताठ उभी राहिले.

पैलवानाने चामड्याचा हातमोजा लांब फेकला. 'ब्रिंग एस मिअर,' म्हणजे ते मला आणून दे, असं तो म्हणाला, आणि अगदी शुद्ध म्हणाला. ती धावली, मोजा उचलला, परत आली, पैलवानाला वळसा घालून काकांपाशी गेली आणि मोजा त्यांच्या हाताशी धरून उभी राहिली. मी म्हणाले, हिच्या लेखी 'मिअर' हे तुमचं नावच झालंय की काय?

"शब्द कुठलाही असू दे, बाई," काका म्हणाले. "ती माणूस बघते."

'गिब एस ईम,' त्यांनी तिला सांगितलं. पैलवानाकडे बोट केलं. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पुन्हा सांगितलं. मग काकांनी जे केलं ते मला बघवलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाठ केली.

हँडलर बदलताना असंच करतात म्हणे. जुन्या माणसाने ओरडायचं नाही, मारायचं नाही. फक्त काही द्यायचं नाही. नजर नाही, शब्द नाही, शाबासकी नाही. सगळं गोड नव्या माणसाच्या हातून आलं पाहिजे. मोठ्याबाईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. तिने मोजा खाली ठेवला, नीट उचलला, पुढून फिरून आली आणि पुन्हा समोर धरला. काका दुसरीकडे वळले. ती तिकडून आली. ते पेट्यांच्या वरच्या क्रेनकडे बघत उभे राहिले. शेवटी कंटाळून तिने मोजा तिथेच टाकला आणि त्यावर हनुवटी ठेवून बसली.

त्या दिवसापासून तिला खायला पैलवान घालू लागला. पहिले काही दिवस तिने तोंड लावलं नाही. वहिनींनी सांगितलं की त्या दिवसांत घरीही एक ताट तसंच परत येत होतं, गाठीचं दुखणं म्हणून त्यांनी काही विचारलं नाही. मग एका सकाळी पैलवान धावत क्लासात आला. माझ्या हातातून खाल्लं म्हणाला, आणि अजून पाचही बोटं आहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या, आणि मफलर सारखा करत खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे आणखी एक वाक्य मागितलं. रोज घरी निघताना मोठ्याबाई त्यांची बाही दातात धरून ठेवायची. ती बाही अशी झाली होती ती त्यामुळे. आधी गंमत होती, आता ती सोडतच नव्हती.

"'मला जाऊ दे' कसं म्हणतात?" त्यांनी विचारलं.

'लास मिश गेएन.' मी ते फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घेतलं, कारण वाक्य चांगलं होतं आणि धड्यात बसणारं होतं. पहिल्यांदा सगळे मोठ्याने, खिदळत म्हणाले. दुसऱ्यांदा आवाज उतरला. तिसऱ्यांदा पुढच्या बाकावरची एक नर्स म्हणता म्हणता थांबली; तिचं विमान पुढच्या महिन्यात होतं आणि मूल आईकडे ठेवून जायचं होतं. मी फळा पुसून टाकला आणि उगाचच सगळ्यांना गृहपाठावरून झापलं.

ऑपरेशन जवळ आलं तशा वहिनी एकट्याच माझ्याकडे आल्या. मुलगी येणार होती. दुसऱ्या गावी नोकरीला असते, बापलेकीचं फारसं बोलणं नाही. भांडण वगैरे काही नाही, बोलणंच नाही. फोन आला की काका 'हं' म्हणून तो वहिनींच्या हातात द्यायचे. मुलीने परवा फोनवर एकच म्हटलं होतं, बाबांचा आवाज जायच्या आधी एकदा माझ्याशी नीट बोलू देत.

"तुमचं ऐकतात ते," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, आवाज आता शिल्लक असेल तेवढाच. तो त्या मैदानावर उधळू नका म्हणावं. पोरीसाठी दोन वाक्यं ठेवा."

मी काकांना तसं सांगितलं, आणि माझ्या पद्धतीने सांगितलं. म्हणजे वहिनींनी ऐकलं असतं तर त्यांना माझाच राग आला असता. काका ऐकून घेत होते. मग म्हणाले, ठेवीन. परीक्षेच्या दिवशी यार्डात पाऊलही ठेवणार नाही. घरची माणसं न बोलताही समजून घेतील, पण त्या मुक्या जनावराला कोण समजावणार, म्हणून इतके दिवस बोललो. आता तिचं झालं. आता पोरीचं. पोरीशी काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं का, हे मी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं.

परीक्षा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी होती. पैलवानाने मला गळ घालून बरोबर नेलं. बाई समोर असल्या की माझी जीभ वळते, म्हणाला. साहेब छत्री घेऊन उन्हात उभे. बाजूला जनावरांचे डॉक्टर, त्यांच्या पायाशी त्यांची पेटी. सुई त्या पेटीतच असणार.

मोठ्याबाईंनी सगळं केलं. पैलवान बस म्हणाला, बसली. आडवी हो म्हणाला, झाली. जाड कोट घातलेल्या पहारेकऱ्यावर झेपावली आणि पैलवानाच्या त्या पिपाणीसारख्या आवाजावर तत्काळ सोडूनही दिला. साहेबांनी भुवया उंचावल्या. राहिलं शेवटचं. पेट्यांमध्ये लपवलेलं पुडकं शोधून आणायचं आणि हँडलरच्या हातात द्यायचं. ते तिने चुटकीसरशी शोधलं. तोंडात धरून मैदानाच्या मध्यापर्यंत आली. 'ब्रिंग एस मिअर,' पैलवान म्हणाला. आणि ती थांबली.

काका आले होते. आत नव्हे, रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर येऊन बसले होते. शब्द मोडला नव्हता, यार्डात पाऊल ठेवलं नव्हतं. पण वारा तिकडून होता, आणि त्यांना खोकला आला. मोठ्याबाई वळली आणि सरळ जाळीच्या कुंपणाकडे धावली. मागच्या पायांवर उभी राहिली, पुढचे पंजे जाळीत अडकवले, आणि पुडकं तोंडात धरून रस्त्याकडे बघत शेपूट हलवू लागली. पैलवान हाका मारत होता. तिने मान वळवली नाही. साहेबांनी सुस्कारा सोडला आणि डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर पेटीचा पट्टा सोडायला वाकले.

काका रस्ता ओलांडून कुंपणापाशी आले. 'गिब एस ईम,' ते म्हणाले. मला फक्त त्यांचे ओठ दिसले. तिने शेपूट आणखी जोरात हलवलं. त्यांनी पाठ केली. तिने जाळी पंजांनी ओरबाडली आणि दाताआडून एक बारीक आवाज काढला. काका तसेच पाठमोरे उभे होते. मग ते एकदम वळले, दोन्ही हातांनी जाळीवर आपटले आणि तिच्या तोंडावर ओरडले. लास मिश गेएन. इतक्या मोठ्याने, की टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. एवढ्या वर्षांत ते तिच्यावर कधी ओरडले नव्हते. ते पुन्हा ओरडले, पण वाक्याच्या मधोमध आवाज फाटला, आणि उरलेलं नुसतं तोंड हललं.

मोठ्याबाई खाली उतरली. कान पाडून, जाळीकडे बघत दोन पावलं मागे सरली. मग वळली आणि हळूहळू चालत पैलवानापाशी गेली, आणि त्याच्या पसरलेल्या हातात तिने पुडकं ठेवलं. पैलवान ढसाढसा रडत होता आणि पुढचं सगळं विसरला होता. अरे, शाबासकी दे तिला, असं मीच त्याच्यावर खेकसले. डॉक्टरांनी पेटीचा पट्टा पुन्हा आवळला. मी कुंपणाकडे पाहिलं तेव्हा काका निघून गेले होते.

संध्याकाळी मुलगी आली. वहिनींनी दोघांना खोलीत बसवलं आणि आपण स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी बोलायला तोंड उघडलं. काही आलं नाही. पाणी प्याले, गरम पाणी प्याले, गळा चोळला, पुन्हा उघडलं. नुसती हवा. आठवडाभर विश्रांती घेतली असती तर थोडाफार परत आला असता, असं पुढे डॉक्टर म्हणाले, पण ऑपरेशन सकाळीच होतं. मुलगी म्हणाली, असू दे बाबा. ते ओठ हलवत राहिले आणि ती बघत राहिली. तिला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ओठ वाचायला माणसाची सवय लागते, आणि ह्या दोघांना एकमेकांची सवय नव्हती.

ऑपरेशन नीट पार पडलं. मी इस्पितळात गेले तेव्हा मुलगी बाहेरच्या बाकावर बसली होती. बापासारखीच उंच, बापासारखीच गप्प. मी मोठ्याबाईंची खबर आणली होती: पैलवानाबरोबर फेरीला जाते, जेवते, ठीक आहे. काकांनी आता तिच्या समोर कधीच जायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं मातीला मिळेल, हेही मी मुलीला सांगितलं. तिने मान डोलावली. मग विचारलं, आई म्हणाली तुम्ही तिथे होतात. बाबा शेवटचं काय बोलले?

खोटं सांगता आलं असतं. मला ते जमत नाही.

"'मला जाऊ दे' म्हणाले. कुत्रीला."

"हळू म्हणाले असतील. तिच्याशी ते नेहमी हळू बोलायचे."

"नाही," मी म्हणाले. "ओरडले. भर रस्त्यात."

 मग तिने मला सांगितलं. शिक्षणासाठी ती पहिल्यांदा घराबाहेर पडली तेव्हा काका तिला बसवर सोडायला आले होते. तिला बसमध्ये चढवेना. बस सुटायला आली, कंडक्टर घाई करू लागला, आणि ती खालीच उभी राहून रडत होती. तेव्हा सगळ्या लोकांसमोर काका तिच्यावर ओरडले, चढ वर, जा म्हणतो ना. आणि पाठ करून चालू लागले. बस वळेपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. तिला वाटलं, ब्याद गेली एकदाची, असं झालंय ह्यांना. तेव्हापासून तीही कामापुरतंच बोलू लागली.

"तिला कळलं असेल का हो," तिने विचारलं, "ते का ओरडले ते?"

 

"नसेल कळलं," मी म्हणाले. "तिला कसं कळणार?"

"मलाही नव्हतं कळलं," ती म्हणाली, आणि उठून आत गेली.